माळावरची विद्या : यमगरवाडीच्या एकलव्य विद्या संकुलाची तीन दशके

धाराशिव जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यातील यमगरवाडी हे गाव १९९३ पूर्वी पंचक्रोशीबाहेर फारसे कुणाला माहीत नव्हते. आज महाराष्ट्रात भटक्या-विमुक्तांच्या शिक्षणाचा विषय निघाला की हे नाव हटकून निघते. पारध्यांच्या मोजक्या मुलांना घेऊन सुरू झालेल्या वसतिगृहाचे इथे विद्या संकुल झाले, आणि पालावर जन्मलेल्या शेकडो मुलामुलींनी इथल्या माळावर अक्षर गिरवले. तिशी ओलांडलेल्या या कामाचा आढावा घेताना इमारती, वर्ग आणि पटसंख्या यांचा हिशेब येतोच. पण त्याहून महत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे. बारा-चौदा वर्षांचा, शाळेची पायरी न चढलेला, पोलिसांची गाडी दिसताच झुडपाआड होणारा मुलगा पुढे चार माणसांत ताठ उभा राहिला, तो कशाच्या बळावर?

पुस्तकाचे बळ त्याला नंतर मिळाले. आधीचे बळ त्याच्याकडे होतेच, आणि ते रानात मिळवलेले होते. ते ओळखणे आणि वाया जाऊ न देणे, हे या संस्थेचे खरे काम.

पूर्वपीठिका : १८७१ ते १९९०

यमगरवाडीची गोष्ट जवळजवळ सव्वाशे वर्षे मागून सुरू होते. १८७१ मध्ये इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. १९११ मध्ये त्याची व्याप्ती मुंबई आणि मद्रास इलाख्यांपर्यंत वाढली. विशिष्ट जमातीत जन्म झाला एवढ्यावरून माणसाची गुन्हेगार म्हणून नोंद होऊ लागली. हजेरी द्यायची, गाव सोडताना परवाना घ्यायचा, नाहीतर सेटलमेंटच्या तारेच्या कुंपणात राहायचे. आपल्या शेजारी सोलापुरात अशी मोठी सेटलमेंट होती. कायद्यातील १८९७ ची दुरुस्ती तर थेट मुलांवर उठली होती. चार ते अठरा वर्षांची मुले आईबापांपासून वेगळी काढून सुधारगृहात ठेवण्याची मुभा तिने सरकारला दिली. पुढे कुणी पालावर जाऊन ‘तुमची मुले आमच्या वसतिगृहात द्या’ म्हणाले की आयाबाया मुलांना पोटाशी का धरत, याचे उत्तर या इतिहासात आहे.

याच काळात इंग्लंडमध्ये उलटे वारे वाहत होते. भारतात सैन्यात नोकरी केलेल्या बेडन-पॉवेल यांनी १९०७ मध्ये ब्राउनसी बेटावर मुलांचे पहिले शिबिर घेतले आणि १९०८ मध्ये स्काऊटचे पुस्तक काढले. ठशांवरून माग काढणे, वाऱ्याची दिशा ओळखणे, उघड्यावर चूल पेटवणे, रात्री ताऱ्यांवरून वाट शोधणे यांतून मुलगा धीट आणि जबाबदार होतो, असे त्यांचे सांगणे होते. १९४१ मध्ये कुर्ट हान यांनी वेल्समधील अ‍ॅबरडोव्ही येथे ‘आउटवर्ड बाउंड’ हे साहस-शिक्षणाचे केंद्र सुरू केले, तेही अशाच विश्वासावर. साहेबाच्या मुलाला जे शिक्षण म्हणून मुद्दाम द्यायचे, तेच पारध्याच्या पोराजवळ आधीच असले तर तो गुन्ह्याचा पुरावा. एकाच साम्राज्याने एकाच विद्येला लावलेली ही दोन मापे होती.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला आणि या जमाती ‘विमुक्त’ ठरल्या. मात्र १९५९ मध्ये मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांसाठी वेगळा कायदा आला आणि संशयाची नजर तशीच राहिली. १९७२ साल दुहेरी फटक्याचे ठरले. मराठवाडा दुष्काळाने होरपळत होता आणि त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा झाला. वन्यप्राण्यांसाठी तो हवाच होता. पण फासे लावून तितर, लावे आणि ससे धरणाऱ्या फासेपारध्यांचा पिढीजात धंदा गुन्हा ठरू लागला. बदल्यात जमीन नाही, काम नाही, गावात घर नाही.

लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ने १९८० मध्ये आणि लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ने १९८७ मध्ये हे जग मराठी वाचकापुढे आणले. गायकवाड यांचे धनेगाव आज लातूर जिल्ह्यात आहे. १९८२ पर्यंत तो सारा मुलूख आपल्याच जिल्ह्यात होता. वाचक हळहळला. पालावर मात्र शाळा आली नव्हती.

१९९१ ते २००० : पालावरून माळावर

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला भटके विमुक्त विकास परिषदेचे काम सुरू झाले. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या प्रेरणेतून काही कार्यकर्ते पालापालांवर फिरू लागले. गिरीश प्रभुणे हे त्यांतले अग्रणी. या भटकंतीत त्यांनी जे पाहिले, ते त्यांच्या ‘पारधी’ या पुस्तकात आले आहे. परिसरात कुठेही चोरी झाली की पहिली झडती पारध्यांच्या पालावर. कर्ता पुरुष कोठडीत, बाई वकिलाच्या नाहीतर पोलीस ठाण्याच्या दारात, आणि मुले उघड्यावर. या मुलांना निदान दोन वेळचे अन्न आणि डोक्यावर छप्पर मिळावे, या साध्या गरजेतून वसतिगृहाची कल्पना पुढे आली.

१९९३ मध्ये यमगरवाडीच्या माळावर काम सुरू झाले. बालाघाटाच्या उतरणीचा हा मुलूख. मुरमाड जमीन, कमी पाऊस, बोरी-बाभळीची झुडपे. शेतीच्या दृष्टीने उणीच, पण येणाऱ्या मुलांना ओळखीची. संकुलाला नाव एकलव्याचे दिले. गुरुदक्षिणेत अंगठा मागायचा नाही, हा त्यातला न लिहिलेला नियम.

त्याच वर्षी ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. उमरगा-लोहारा भागासह लातूर आणि आपल्या जिल्ह्यातील गावे जमीनदोस्त झाली. जवळजवळ आठ हजार माणसे गेली. राज्याचे, देशाचे आणि जगाचे लक्ष व मदत तिकडे वळणे स्वाभाविक होते. त्या काळात पारध्यांच्या मुलांसाठी धान्य, कपडे आणि पैसा उभा करणे किती जिकिरीचे होते, हे त्या वेळचे कार्यकर्तेच जाणोत. भूकंपात ज्यांची घरे पडली त्यांचे दुःख साऱ्यांना दिसत होते. ज्यांना कधी घरच नव्हते, त्यांच्याविषयी सांगायला दारोदार जावे लागे.

सुरुवातीची सर्वांत मोठी अडचण पैशाची नव्हती. मुले पळून जात. मार नव्हता, जेवण होते, तरी जात. चार भिंती, घंटा आणि एका जागी बसणे हेच त्यांना परके होते. पुस्तकातली मराठीही परकी होती, कारण पारध्यांची बोली गुजराती-राजस्थानी वळणाची. शिक्षक जे बोलत ते मुलाला अर्धेच कळे आणि मुलाचे शिक्षकाला काहीच कळत नसे. कार्यकर्ते पुन्हा पालावर जात, आईबापांशी बोलत, मुलाला घेऊन येत. मूल पुन्हा पळे. हे किती वेळा झाले याची नोंद कुणी ठेवली नाही.

या धडपडीतून एक गोष्ट लक्षात आली आणि तिनेच संस्थेची दिशा ठरवली. वर्गात मान खाली घालून बसणारा मुलगा माळावर गेला की बदलून जाई. इथून घोरपड गेली, हा ठसा सकाळचा आहे, या झुडपात तितराचे घरटे असणार, हा कंद खायचा आणि हा नाही. तो सांगे आणि शिक्षक ऐके. कुठल्या पक्ष्याने धोक्याची साद घातली आणि कुठल्या पक्ष्याने जोडीदाराला हाक दिली, हे त्याला कळे आणि त्या आवाजाची हुबेहूब नक्कलही करता येई. गलोलीचा नेम असा की पाहणाऱ्याने तोंडात बोट घालावे.

वयाने वाढलेल्या मुलांच्या बाबतीत याचे मोल फार होते. तेरा वर्षांचा मुलगा पहिल्यांदाच शाळेत आला की त्याला सहा वर्षांच्या मुलांशेजारी ‘अ’ गिरवत बसावे लागे. त्याच्याइतके लाजिरवाणे त्याला काही वाटत नसे. मिसरूड फुटलेल्या पोराला चिमुरडी हसत. रानात मात्र हा क्रम उलटा होई. तिथे तो सर्वांच्या पुढे. लहानांना सांभाळून नेणे, पाण्याची जागा दाखवणे, काटेरी वाटेतून सुखरूप परत आणणे त्याच्याकडे येई. सकाळी पुढे चाललेल्याला दुपारी पाटीवर मागे राहण्याची तेवढी शरम वाटत नसे. ‘मला हे येते’ हे ज्याने चारचौघांत सिद्ध केले, तो ‘मला ते येत नाही, शिकवा’ असे म्हणू शकतो. शहरातले शिबिर मुलाला घराबाहेर काढून धीट करते. इथे धीट मुलालाच घराच्या आत बसायला शिकवायचे होते, आणि तेही त्याचे धाडस न मोडता.

अर्थात शिकार चालू ठेवता येणार नव्हती. कायदा होता आणि माळावरचे पक्षीही उणावत चालले होते. नजर, नेम, दम आणि माग काढण्याची बुद्धी राखायची व हत्या सोडायची, ही तारेवरची कसरत होती. नेम खेळाकडे वळला, पळणे मैदानाकडे, माग काढणे निसर्ग निरीक्षणाकडे. मुलांनी माळावरून गोळा केलेली पाने, बिया आणि दगड हे विज्ञानाचे पहिले धडे झाले. ‘परिसर अभ्यास’ हा विषय इथल्या मुलांना पुस्तकाआधी येत होता. पुस्तकाने त्याला फक्त नावे दिली.

२००१ ते २०१० : पारध्यांपासून सर्व भटक्यांपर्यंत

महाराष्ट्रात विमुक्त जातींची संख्या १४ आणि भटक्या जमातींची २८ अशी मूळ शासकीय यादी. काम वाढले तशी पारध्यांबरोबर इतर जमातींची मुलेही संकुलात येऊ लागली. प्रत्येकाची बोली वेगळी, देव वेगळे आणि हातातले कसबही वेगळे. घिसाड्याच्या मुलाला लोखंडाची जाण, वैदूच्या मुलाला झाडपाल्याची, कोल्हाट्याच्या मुलाला दोरीवरच्या तोलाची, वडाराच्या मुलाला दगडाची. या जमाती एकमेकींच्या हातचे पाणीही न घेण्याच्या रिवाजात वाढलेल्या. त्यांची मुले एका पंगतीला बसू लागली, हा या दशकातला सर्वांत मोठा बदल. त्यासाठी वेगळी भाषणे द्यावी लागली नाहीत. एकत्र राहण्याने, एकत्र खेळण्याने आणि माळावर एकमेकांवर विसंबण्याने ते होत गेले.

प्राथमिक शाळेला माध्यमिकची जोड मिळाली आणि दहावीपर्यंतची वाट मोकळी झाली. कागदपत्रांचा डोंगर मात्र जागच्या जागी होता. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी १९५० चा आणि भटक्या-विमुक्तांच्या दाखल्यासाठी १९६१ चा पुरावा मागतात. ज्यांच्या आजाला गावात रात्रभर मुक्काम करू दिला जात नसे, त्यांच्याकडे त्या गावचा जुना कागद कुठून असणार? जन्मतारखेचीही तीच गत. महाराष्ट्रातल्या शाळांच्या दाखल्यांवर १ जूनला जन्मलेल्यांची जी अफाट गर्दी दिसते, तिच्यात पालावरची मुले मोठ्या संख्येने आहेत. तहसील कचेरीत वर्षानुवर्षे खेटे घालून कार्यकर्त्यांनी जे दाखले मिळवले, त्यांची गणना वर्गखोल्यांबरोबरच व्हायला हवी.

मुलींचे शिक्षण हे या दशकाचे दुसरे पाऊल. बालविवाहाचा रिवाज आणि जातपंचायतीचा धाक यांमुळे मुलगी वयात आली की पालक तिला परत न्यायला येत. ज्या आईबापांनी मुलीला ठेवू दिले, त्यांचा धीर शिक्षकांपेक्षा मोठा होता. त्यांना पंचांसमोर उभे राहावे लागत होते.

जे शाळेपर्यंत येऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी ‘पालावरची शाळा’ हा उपक्रम उभा राहिला. पालाशेजारी, झाडाखाली, मुलांच्या सोयीच्या वेळी. लातूर जिल्ह्यातील अनसरवाडा (ता. निलंगा) येथेही गोपाळ समाजात काम रुजले. २००६ मध्ये चिंचवडला क्रांतिवीर चापेकर स्मारक समितीच्या वतीने पुनरुत्थान समरसता गुरुकुलम् सुरू झाले आणि प्रभुणे यांच्या कामाचे केंद्र तिकडे सरकले. यमगरवाडीची धुरा पुढच्या फळीने उचलली. वाढत्या कामात मते-मतांतरे असायचीच. त्यांचा हिशेब इथे मांडण्याचे कारण नाही. त्या काळातही सकाळची घंटा वेळेवर वाजत राहिली, एवढे नोंदवले की पुरे.

देशपातळीवरही या प्रश्नाची दखल याच दशकात घेतली गेली. सोलापूरचे बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाने २००८ मध्ये अहवाल दिला आणि देशातील भटक्या-विमुक्तांची संख्या दहा कोटींच्या वर असल्याचा अंदाज मांडला. पाठोपाठ शिक्षण हक्क कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. शाळाबाह्य मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश देण्याची तरतूद त्यात आहे. मोठ्या मुलाला पहिलीत बसवल्याने होणारी कुचंबणा यमगरवाडीने आधीच अनुभवली होती. कायद्याने तिच्यावर उपाय मान्य केला.

२०११ ते २०२० : दुष्काळ, मैदान आणि शिखर

हे दशक पाण्याने छळले. २०१२-१३ आणि २०१५-१६ च्या दुष्काळांत धाराशिव जिल्हा टँकरवर जगला. २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. निवासी शाळेला दुष्काळात सुट्टी देऊन चालत नाही, कारण सुट्टीत मुलाने जायचे कुठे? आईबाप ऊसतोडीला नाहीतर वीटभट्टीवर गेलेले. त्या वर्षांत पाणी राखणाऱ्या, स्वयंपाकघर चालते ठेवणाऱ्या आणि पगार उशिरा झाला तरी माळ न सोडणाऱ्या साऱ्यांचे ऋण संस्थेवर आहे. त्यांची नावे या पानावर मावणार नाहीत.

याच काळात महाराष्ट्राने एक वेगळे दृश्य पाहिले. मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील आदिवासी आश्रमशाळांचे पाच विद्यार्थी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले. आदिवासी विकास विभागाच्या ‘मिशन शौर्य’ची ही फलश्रुती. त्याआधी २०१४ मध्ये तेलंगणातील समाजकल्याण निवासी शाळेची मालावत पूर्णा अवघ्या तेराव्या वर्षी तिथे पोहोचली होती. शेकडो मुलांतून निवड, कडे चढण्याचा सराव, बर्फातले प्रशिक्षण, मग मोहीम, अशी ती चढती वाट होती. या मुलांना ऑक्सिजनची नळकांडी आणि बर्फातले बूट नवे होते. उपाशी चालणे, उंचीला न घाबरणे आणि सोबत्याला मागे न सोडणे नवे नव्हते. यमगरवाडीने लहान प्रमाणात जे अनुभवले होते, त्यावर तिथे जगाच्या सर्वोच्च जागी शिक्कामोर्तब झाले. वंचित मुलाला धाडस बाहेरून आणून द्यावे लागत नाही. द्यावी लागते ती संधी, शिस्त आणि विश्वासाचा माणूस.

आपल्या जिल्ह्यापुरते बोलायचे तर खो-खोने हीच गोष्ट मैदानावर दाखवली. साध्या घरातून आलेल्या सारिका काळे हिच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला संघाने २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले आणि २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. चपळाई, दम आणि क्षणात दिशा बदलण्याची बुद्धी लागणारा हा खेळ पालावरच्या मुलींच्या अंगात भिनलेलाच असतो. त्यांना हवे असते ते मैदान, मार्गदर्शक आणि स्पर्धेला जाण्याचे भाडे.

भटके विमुक्त विकास परिषदेच्या कामाशी दीर्घकाळ निगडित असलेले भिकूजी तथा दादा इदाते यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाने या दशकात देशभर फिरून अहवाल तयार केला. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा २०१७ मध्ये लागू झाला आणि जातपंचायतींच्या जाचाविरुद्ध बोलणाऱ्यांना आधार मिळाला. दशकाचा शेवट मात्र कठीण झाला. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, शाळा-वसतिगृहे बंद झाली आणि मुले पालांवर परतली. जिथे वीज नाही तिथे मोबाइलवरची शाळा कशी भरणार? मोठ्या मुलामुलींना पुन्हा शाळेकडे वळवणे हे टाळेबंदीनंतरचे सर्वांत अवघड काम ठरले.

२०२१ पासून : आजचे काम आणि उद्याचे

गिरीश प्रभुणे यांना २०२१ मध्ये आणि दादा इदाते यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. पुरस्कार व्यक्तीच्या नावे असले, तरी त्यांत पालावर चहा पिऊन आलेल्या प्रत्येक कार्यकर्त्याचा आणि मुलाला विश्वासाने सोपवणाऱ्या प्रत्येक आईचा वाटा आहे. भटक्या-विमुक्तांसाठी केंद्र सरकारची ‘सीड’ योजना फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाली. स्पर्धा परीक्षांचे मार्गदर्शन, आरोग्य विमा, उपजीविका आणि घरकुल ही तिची चार अंगे. लाभासाठी दाखला लागतोच, म्हणून दाखल्यांचे काम आजही संपलेले नाही.

आज संकुलात शाळा व वसतिगृह ही मुख्य कामे, आणि त्यांच्याभोवती पालावरच्या शाळा, आरोग्य आणि दाखल्यांसाठी चालणारी धावपळ असे वर्तुळ आहे. इथली मुले आता आईवडिलांचे अर्ज भरून देतात. बँकेत, दवाखान्यात, ठाण्यात त्यांच्या वतीने बोलतात. एके काळी पोलीस दिसला की पळणाऱ्या समाजाच्या दृष्टीने हा बदल कुठल्याही निकालाच्या टक्केवारीपेक्षा मोठा आहे.

पुढची कामेही स्पष्ट आहेत. दहावीनंतर तुळजापूर, सोलापूर किंवा पुण्याला गेलेला मुलगा एकटा पडतो. आडनाव कळले की खोली मिळत नाही, परीक्षेत नापास झाला तर परत येण्याची लाज वाटते. त्याच्यासाठी शहरात राहण्याची सोय आणि आधाराचा माणूस हवा. दुसरे काम माळाचे. रान ओळखणारी पिढी म्हातारी होत आहे. आजा-आजींकडे असलेली झाडपाल्याची, पक्ष्यांची आणि ठशांची विद्या मुलांनीच लिहून काढली, तर ती टिकेल. निसर्ग मार्गदर्शक, पक्षी निरीक्षक, सर्पमित्र, वनरक्षक, गिर्यारोहण प्रशिक्षक या आजच्या रोजगारांत ती सन्मानाने वापरताही येईल. जी विद्या १८७१ पासून संशयाचे कारण होती, तिच्यावर पगार मिळू लागला, तरच तिची खरी सुटका झाली असे म्हणता येईल.

या लेखात कार्यकर्ते मुलांविषयी बोलले. पुढच्या स्मरणिकेत संस्थेचा इतिहास इथे शिकलेल्या कुणी लिहावा, आणि आम्हाला माहीत नसलेले, वसतिगृहाच्या खिडकीतून पळून जातानाचे प्रकरणही त्यात यावे.